रेडिओतली भागीरथी

रेडिओशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. रेडिओशी भांडून जिंकलेलं माणूस मात्र उभ्या महाराष्ट्रात एकच, आणि ते माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहत होतं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात मराठीचा प्राध्यापक म्हणून आलो, तेव्हा ज्यांच्या माडीवर मला खोली मिळाली त्या घरमालकीणबाईंबद्दल मी बोलतो आहे. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणे. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही आक्काच म्हणत, आणि त्यांचे यजमान, गुळाचे व्यापारी अण्णा, हेसुद्धा आसपास कुणी नाही असं पाहून आक्काच म्हणत असावेत असा माझा दाट संशय आहे. ठेंगणी मूर्ती, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरातून "मास्तर, च्या झालाय" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतले दोन मास्तर दार उघडून बघायचे. प्राध्यापक आणि मास्तर यांतला फरक मी त्यांना एकदा समजावून सांगितला होता. "म्हंजे मास्तरच की," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा रेडिओ चुलीच्या वरच्या फळीवर असे आणि दिवसभर चालू असे. निवेदकाने नमस्कार म्हटलं की आक्का पीठ मळता मळता "नमस्कार, बोला" म्हणत. हवामानवाल्याने तुरळक ठिकाणी पाऊस पडेल असं सांगितलं की "तुरळक म्हंजे कुठं? गावाचं नाव सांग" अशी उलटतपासणी सुरू होई. शेतीच्या कार्यक्रमातल्या तज्ज्ञाला त्या रोज विचारत, "तू स्वतः कवा नांगर धरलतास?" दूध उतू जायला लागलं की "थांब जरा, आलो" असं रेडिओला बजावून धावत, आणि परत येईतो तो पुढे बोलत गेलेला असला की खरोखर रागावत. एकदा महिलांच्या कार्यक्रमात पुरणपोळीची कृती सांगताना बाईंनी पुरणात साखर घालायला सांगितली. गुळाच्या गावात साखरेचं पुरण ऐकून आक्कांनी मला तडक खाली बोलावलं आणि पोस्टकार्ड लिहून घेतलं. मी 'कळावे, लोभ असावा' लिहायला गेलो, तर म्हणाल्या, "लोभ कशाला? आधी चूक कबूल करा म्हणावं." आणि पुढच्या आठवड्यात रेडिओने खरोखरच चूक कबूल केली. आक्कांनी तो विजय शांतपणे घेतला. "मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो, करतो म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात खालून "मास्तर, मी जोतिबाला जाऊन येतो" अशी हाक आली, तेव्हा मी वरूनच "या अण्णा, सावकाश या" म्हणालो. आवाजावरूनही काही उलगडा होण्यासारखा नव्हता. आक्कांनी हे पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. चूक माझी होती हे खरं, पण चूक त्यांची असली तरी फरक पडला नसता. एका सकाळी त्यांनी माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी तोंड वाकडं केलं, तर माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आज तुमच्या तोंडाला चव न्हाय." 'माजं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकले नव्हते, आणि अण्णांच्या चेहऱ्यावरून पाहता त्यांनीही ऐकले नसावेत.

गल्लीच्या टोकाला हिराबाईंचा गोठा होता. चार म्हशी, एक मुलगा, एक सून, दोन नाती आणि कागलच्या बाजूला एकरभर ऊस, एवढा त्यांचा संसार. आक्कांच्या घरी दूध त्यांचंच. दोघी एका वयाच्या आणि सारख्याच हट्टी, म्हणून मैत्रिणी. सून संगीता विशीतली. पहिल्या मुलीनंतर वर्ष-सव्वा वर्षातच तिला दुसरी मुलगी झाली, आणि त्या खेपेला रक्त थांबेना. अण्णांच्या गुळाच्या टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. मागे ढेपांच्या मध्ये आक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरगी वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, तीन वर्षं तरी दिवस राहता कामा नयेत, राहिले तर हिच्या जिवाची हमी नाही. ते ऐकून हिराबाई म्हणाल्या, "त्याला काय हुतंय सांगायला. त्याच्या घरात नातू असंल." आणि सहा महिने व्हायच्या आत त्यांनी तिसऱ्याची भाषा सुरू केली. नाही झालं तर मुलाला दुसरी बघतो, असंही त्या पाण्याच्या नळावर बोलल्या.

हे आक्कांच्या कानावर आलं आणि त्या तशाच पदर खोचून गोठ्यात गेल्या. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण ऐकायला माझ्या खोलीत बसूनही काही अडचण आली नाही. आक्का जिंकल्या. म्हणजे हिराबाईंना उत्तर सुचेना. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. दुसऱ्या दिवसापासून हिराबाई दुधाचं भांडं पायरीवर ठेवून, वर न बघता निघून जाऊ लागल्या, आणि चैत्राच्या आत संगीताला दिवस गेलेच पाहिजेत, असं त्यांनी गल्लीला ऐकवलं. जिंकूनही काम होत नाही, हा अनुभव आक्कांना नवा होता. दोन दिवस रेडिओ एकटाच बोलत राहिला. मग एका दुपारी जिन्यात थांबून त्या मला म्हणाल्या, "मास्तर, ती ऐकायची न्हाय. मी सांगितलं म्हणूनच ऐकायची न्हाय." त्यांचे डोळे भरले होते.

त्याच सुमाराला एका सामाजिक संस्थेने मला रेडिओसाठी मालिका लिहायला सांगितली होती. लहान कुटुंब, दोन बाळंतपणांतलं अंतर, मुलीच्या लग्नाचं वय, असे विषय गोष्टीतून लोकांपर्यंत न्यायचे होते. गोष्ट होती सुमन नावाच्या सुनेची आणि भागीरथी नावाच्या सासूची. संस्थेतर्फे पुण्याहून शुभाताई म्हणून एक तळमळीच्या बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे प्रत्येक भागाचं 'उद्दिष्ट' लिहिलेली फाईल असे. मी रात्री लिहून सकाळी मोठ्याने वाचत असे. एका सकाळी मी भागीरथीचं वाक्य म्हटलं, "सूनबाई, माझ्या डोळ्यांदेखत या घराण्याला वारस मिळू दे." खालून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि ओल्या हातांनी आक्का वर आल्या.

"ही कोण बाई?"

"सासू. दुष्ट सासू आहे ती, गोष्टीतली."

"सासू दुष्ट नसती मास्तर. तिला भ्या असतंय."

"कशाचं?"

"आपल्या नातींस्नी दिवाळीला न्यायला भाऊ न्हाय, ह्येचं. आईबाप गेल्यावर त्या कुणाच्या दारात जातील, ह्येचं. वारस न् घराणं पुरुषांचं. बाईला भ्या असतंय. ह्ये लिवा." मी लिहिलेलं फाडलं आणि ते लिहिलं. माझ्या एम. ए.चा खरा निकाल त्या सकाळी लागला.

भागीरथीचं काम करणाऱ्या बाईंना सिनेमाचं शूटिंग मिळालं आणि त्या तालमीच्या तिसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. त्याच दिवशी मी घरी विसरलेली पानं घेऊन आक्का स्टुडिओत आल्या. काचेपलीकडे शुभाताई स्वतःच भागीरथी वाचून बघत होत्या. आक्कांनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, सासू काय इनंती अर्ज करती व्हय?" मग कशी बोलते ते त्यांनी करून दाखवलं. सुमनचं काम करणारी मुलगी इतकी दचकली की तिने 'चुकलं' म्हणून टाकलं, आणि ते तर तिच्या कागदावर नव्हतंच. शुभाताईंनी तिथल्या तिथे आक्कांना उभं केलं. ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ माइक मागे, अजून मागे असं करत गेले, आणि शेवटी आक्का जवळजवळ दारात उभ्या राहून बोलत होत्या.

आक्कांची अट एकच होती. नाव कुणाला कळता कामा नये, घरात अण्णा आणि मी सोडून. आवाज ओळखू येऊ नये म्हणून त्या गालात गुळाचा खडा धरून बोलत आणि सावकाश बोलत. त्याने आवाज घोगरा होई हे खरं, पण मधूनच खडा चघळल्याचा आवाजही मुद्रित होई. शुभाताई त्यांना 'मी आलो'च्या जागी 'मी आले' म्हणा असं वारंवार सांगत. "बाई, ऐकणाऱ्या सगळ्या 'आलो' म्हणत्यात," आक्का म्हणाल्या. "मी 'आले' म्हटलं की त्यास्नी कळंल, पुण्याची पावणी आली. मग त्या उठून जातील." भागीरथी शेवटपर्यंत 'आलो'च म्हणत राहिली. आक्का हे सगळं हौसेखातर करतात असं मी समजत होतो.

मालिका संध्याकाळी लागे, धारांच्या वेळेला. पहिल्या महिन्यातच पत्रांचे ढीग येऊ लागले. एका आजीबाईंनी भागीरथीला दोन पानं भरून शिव्या लिहून खाली 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' असं लिहिलं होतं. गल्लीत कुणी म्हणे ही बाई तमाशातली, कुणी म्हणे मुरगूडची, आणि आक्का भाजी निवडत गंभीरपणे ऐकून घेत. हिराबाईही म्हशीखाली बसून मालिका ऐकत. त्या मात्र भागीरथीच्या बाजूच्या होत्या. "बराबर बोलतीया म्हातारी," असं गोठ्यातून स्पष्ट ऐकू येई. शुभाताईंना हे कळलं तेव्हा त्या घाबरल्या. लोक सासूच्याच बाजूने झाले तर उद्दिष्टाचं काय? आक्का म्हणाल्या, "ऐकणारीला आधी भागीरथीच्या शेजारी बसू द्या की. ही उठली की मग तीबी उठंल." हे शुभाताईंच्या फाईलमध्ये कुठेच नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र पार बिघडली होती. सरकारी पत्रकांत दोन मुलांत अंतर ठेवण्याला 'पाळणा लांबवा' म्हणत, आणि आम्हीही प्रत्येक भागाच्या शेवटी ते म्हणवून घेत होतो. सीमेकडच्या एका गावातून पत्र आलं, "आपल्या सांगण्याप्रमाणे पाळण्याची दोरी दीड हात लांबवली आहे. बाळ आता भुईलगत झोपतं. परंतु मांजर येऊन बसतं, तरी उपाय कळवावा." शुभाताई डोक्याला हात लावून बसल्या. मी हसत सुटलो, पण आक्का हसल्या नाहीत. "त्येनं तुमचं ऐकलं की," त्या म्हणाल्या. "तुमी जे म्हटलासा तेच केलं. आता त्येला कळंल असं म्हणा."

मग भागीरथी बदलण्याची वेळ आली. मी दोन पानी प्रसंग लिहिला होता. डॉक्टरीणबाई भाषण करतात, भागीरथीचे डोळे उघडतात. आक्कांनी कागद लांब धरून पाहिले. "मला माझी सासू बदलाय चौदा वर्सं लागली, आन तुमी दोन पानांत बदलताय?" त्यांच्या हट्टापायी ते बदलणं नऊ भाग लांबलं. नवव्यात सुमन तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचते आणि भागीरथी तिच्या खाटेशी बसते. मुद्रण सुरू झालं, आक्कांनी कागद खाली ठेवला, गालातला गूळ गिळून टाकला आणि आपल्याच आवाजात, पण गल्लीने कधी ऐकलं नसेल इतकं हळू बोलायला लागल्या.

"पोरी, रानात लावणीचा ऊस तुटला की आमी त्याच बुडख्यावर दुसरं पीक, खोडवा ठेवतो. खोडव्यावर तिसरं, निडवा ठेवतो. त्येच्याफुडं शाणा माणूस ऊस ठेवत न्हाय. रान मोडतो, ताग पेरून खतासाठनं गाडतो, रानाला इसावा देतो. वर्सभर त्येच्याकडं काय मागत न्हाय. रानाला देतो आमी, आन तुला सव्वा वर्सबी दिलं न्हाय. मला भ्या वाटलं गं, तुझ्या पोरींस्नी भाऊ न्हाय म्हणून. त्यास्नी आई ऱ्हायची न्हाय, ह्येचं भ्या मला कसं वाटलं न्हाय? सुमन, माजं चुकलं. मी हारलो."

मला एकदम आठवलं, त्याच हंगामात हिराबाईंनी कागलच्या रानातला निडवा मोडून ताग पेरला होता. हौस, अट, गूळ, सगळ्याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. सगळा जिल्हा ऐकत होता, पण बाई बोलत होती गल्लीच्या टोकाच्या एका गोठ्याशी. बाहेर आल्यावर शुभाताई जरा दबकतच म्हणाल्या, "आक्का, फार छान झालं. पण बाई म्हणजे जमीन नव्हे, हेच तर आपल्याला सांगायचंय ना?" आक्का पायरीवर दम खात बसल्या होत्या. "व्हय बाई. पण रानाला मिळतोय तेवढा इसावाबी तिला मिळत न्हाय. आधी रानाएवढा द्या. मग फुडचं बघू." शुभाताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि तो प्रसंग आहे तसाच ठेवला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही आक्कांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आक्का रेडिओला एक शब्द बोलल्या नाहीत. गोठ्यातूनही काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध पायरीवरच होतं. तिसऱ्या दिवशीही. आक्का भांडं आत नेत. पाचव्या दिवशी हिराबाई पायरी ओलांडून सरळ आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"संगीला घेऊन दवाखान्यात गेलतो," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"तांबी बसवून आणली. पोराला सांगितलं, तीन वर्सं नाव काडायचं न्हाय. रानाला इसावा देतो आपण."

"बरं केलंस," आक्का म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं. दोघी मग म्हशीच्या खुराकाबद्दल बोलत बसल्या. हिराबाई गेल्यावर मात्र आक्कांनी अण्णांच्या वखारीतून एक अख्खी ढेप आणवली, ती फोडली, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन गूळ वाटला. "कशाबद्दल?" असं विचारणाऱ्याला त्या "असाच" म्हणत. मला त्यांनी दोन खडे दिले. त्या दिवशी रेडिओवर हवामानवाला काय वाटेल ते बोलला तरी त्यांनी त्याला माफ केलं. बावन्न भाग संपले तेव्हा पत्रांची पोती भरली होती, आणि दवाखान्यात भागीरथीचं नाव सांगून बायका विचारायला येतात, असं तिथल्या सिस्टर सांगत. संगीताला चार वर्षांनी तिसरी मुलगी झाली. आई धडधाकट, मूल धडधाकट. हिराबाईंनी पेढे वाटले आणि आता बास म्हणून जाहीर केलं.

पुढे माझी बदली झाली. आक्का गेल्याचं मला कळलं तेव्हा दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी चार दिवसांनी पोचलो. अण्णांना भेटलो. मी ओसरीवर येऊन बसलो, तर हिराबाई तिथेच होत्या, वाकलेल्या, काठी शेजारी ठेवून. संगीता आत पाहुण्यांना चहा देत होती. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं, आणि ते बघून मला फार बरं वाटलं.

"मास्तर," हिराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या भागीरथीचं काम आक्काच करत हुती."

मी चमकलो. "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. वीस वर्सं ह्या दारात दूध घालत हुतो मी. त्यो आवाज मला कळायचा न्हाय?"

"मग रेडिओ बंद का नाही केलात?"

"गोठ्यात आलती तवा तिला जिंकायचं हुतं. मग मी हारतोय व्हय? रेडिओत सगळ्या मुलखाम्होरं ती म्हणाली, माजं चुकलं, मी हारलो. आक्का म्हणाली, मास्तर. जल्मात कुणाला म्हणाली न्हवती. माज्या संगीसाठनं म्हणाली. त्येच्यानंतर मला हाराय काय लाज वाटली न्हाय."

"त्यांना हे सांगितलंत कधी?"

"न्हाय. मला कळलं न्हाय असंच वाटत हुतं तिला. मीबी म्हटलं, ऱ्हाऊ दे." त्यांनी पदराने डोळे पुसले. आतून संगीता कप घेऊन आली, सासूच्या हातात नीट दिला आणि सांडू नये म्हणून क्षणभर आपला हात खाली धरून थांबली. हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आक्काला सांगाय पायजे हुतं की," त्या म्हणाल्या.